‘ओळख’ या शब्दाचे काय झाले?

“ज्याच्या मनात पाप नाही, त्याने आपली माहिती द्यायला का भ्यावे?” हे वाक्य रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पटांगणात, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या पालकसभेत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्याला आता म्हणीचे रूप आले आहे. वाङ्मयीन नियतकालिकाने पुस्तकांचे परीक्षण करावे, चालू कारभारात लक्ष घालू नये, असा एक संकेत आहे. परंतु म्हण हेही वाङ्मयच होय. आणि सरकारी अर्ज, घोषवाक्ये व ओळखपत्रे यांची भाषा आज कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक लोकांच्या हातून जाते. म्हणून या वेळी पुस्तक बाजूला ठेवून आम्ही एका कार्डाचे वाचन करणार आहोत.

त्या कार्डाची कथा महाराष्ट्रातच सुरू झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग व सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले ‘आधार’ क्रमांक वाटण्यात आले. पहिला क्रमांक गावातील एका भगिनीला मिळाला. त्या प्रसंगाचे छायाचित्र देशभर छापले गेले. बाईंचे नाव देशाला कळले. एवढेच नव्हे, तर त्यांचा बारा आकडी क्रमांकही वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला. पुढे २०१६ साली आधारचा कायदा झाला, तेव्हा कोणाचाही आधार क्रमांक जाहीररीत्या प्रसिद्ध करू नये, असे त्याच्या २९व्या कलमात आले. म्हणजे कायद्याने जे निषिद्ध ठरवले, ते योजनेच्या पहिल्याच दिवशी, पहिल्याच नागरिकाच्या बाबतीत घडून गेले होते. त्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. एका गरीब बाईचे काही खासगी असू शकते, हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानातच आले नाही, आणि आमच्या मते हेतूपेक्षा हे न सुचणे अधिक बोलके आहे. पुढील वर्षांत वार्ताहर पुनःपुन्हा टेंभलीला गेले आणि बाई पूर्वीप्रमाणेच मजुरी करीत असल्याचे लिहून आले. त्यांचे नाव सर्वश्रुत असले तरी येथे आम्ही ते लिहीत नाही. ते पुष्कळ वापरून झाले आहे.

आता भाषेकडे वळू. जुन्या कार्डांवर ‘आधार – सामान्य माणसाचा अधिकार’ असे घोषवाक्य होते. नंतरच्या कार्डांवर ‘माझे आधार, माझी ओळख’ असे आले. पहिल्या वाक्यात निदान ‘अधिकार’ हा शब्द होता. अधिकार म्हटले की तो कोणाकडे तरी मागता येतो, नाकारला गेला तर दाद मागता येते. दुसऱ्या वाक्यातून तो शब्द गेला आणि ‘ओळख’ आली. ओळख कोणाकडे मागायची? ती पटवून द्यावी लागते. सामान्य माणूस मागणारा होता, तो आता सिद्ध करणारा झाला. त्यातच व्याकरणाची एक गंमत आहे. मराठीत ‘आधार’ पुल्लिंगी आहे. म्हाताऱ्या आईला मुलाचा आधार असतो, वेलीला मांडवाचा असतो; आपण ‘माझा आधार’ म्हणतो. कार्डावर तो ‘माझे आधार’ झाला. माणसाने माणसाला द्यायची गोष्ट एका वस्तूचे नाव बनली, आणि ती बनताना तिचे लिंगही पालटले. भाषांतरकाराच्या हातून हे नकळत झाले असेल, पण भाषा पुष्कळदा नकळतच खरे बोलून जाते.

‘ओळख’ हा शब्द तर आपल्या बोलण्यातला फार जिव्हाळ्याचा. जुनी ओळख, ओळखदेख, ओळखीपाळखीची माणसे. या सर्व प्रयोगांत ओळख दुतर्फी आहे. मी तुम्हाला ओळखतो आणि तुम्ही मला ओळखत नाही, अशा स्थितीला मराठी माणूस ओळख म्हणत नाही. कार्डावरची ओळख मात्र एकतर्फी आहे. बोटांचे ठसे, डोळ्यांतील बुबुळाची प्रतिमा, चेहरा, पत्ता हे सर्व देणारा देतो. घेणारा कोण, ते कोठे ठेवले जाते, कोणाला दाखवले जाते, हे देणाऱ्याला ठाऊक नसते. आमची पहिली तक्रार आहे ती या शब्दाच्या अपहाराविषयी.

अंगठ्याचेही तसेच झाले. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका स्थानिक कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा उमटवून घेतला. हिंदी माणूस उद्या आपली सही नाकारील, हा अविश्वास त्यामागे होता. स्वातंत्र्यानंतर अंगठा ही निरक्षरतेची खूण ठरली आणि ती पुसण्यासाठी साक्षरतेच्या मोहिमा निघाल्या. रमेश इंगळे उत्रादकर यांनी ‘निशाणी डावा अंगठा’ या कादंबरीत त्या मोहिमेच्या कागदी कारभाराचे जे उपरोधिक चित्र काढले, ते वाचून हसलेला पदवीधर वाचक आज स्वतः रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा टेकवतो. सही शिकलेल्या माणसाला पुन्हा अंगठ्यावर आणून ठेवणारी ही प्रगती आहे. ऊसतोडणीसाठी गुजरातेत जाणाऱ्या मजुराच्या, विळा-कोयता धरून झिजलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत, आणि यंत्र त्याला ‘तू तू नव्हेस’ असे सांगते. कष्ट जितके अधिक, तितकी ओळख पुसट.

येथे दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे, नाही तर हे परीक्षण एकांगी होईल. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अक्कलकुवा, अक्राणी या सातपुड्यातील तालुक्यांत जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, घराचा उतारा यांपैकी काहीही नसलेली कुटुंबे होती. अशा माणसाला बँकेच्या खिडकीशी उभे राहण्याइतका एक कागद मिळाला, त्याच्या नावाचे पैसे मधल्या हातांना टाळून त्याच्या खात्यात येऊ लागले, परमुलखात मजुरीला गेल्यावरही रेशन घेण्याची सोय झाली, हे लाभ खरे आहेत. शहरात बसून त्यांना तुच्छ लेखणे सोपे असते. मोजणी वाईट, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पवित्र शास्त्रातच दोन मोजण्या शेजारी ठेवता येतात. दावीद राजाने आपल्या बळाचा अंदाज घेण्यासाठी प्रजेची मोजदाद केली आणि ते पाप ठरले. लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळही मोजतोच. मोजल्यावाचून शंभरातले एक मेंढरू कमी आहे हे त्याला कळले कसे असते? तो मोजतो ते हरवलेल्याला शोधायला निघण्यासाठी.

या कसोटीवर आजची यंत्रणा लावून पाहू. २०१७ साली झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एका दलित कुटुंबाचे रेशनकार्ड आधारशी जोडलेले नाही म्हणून रद्द झाले आणि त्या घरातील अकरा वर्षांची मुलगी मरण पावली. मृत्यू भुकेने झाला असे आईने सांगितले, आजाराने झाला असे शासनाने. पण कार्ड रद्द झाले होते याविषयी वाद नव्हता. आपल्याकडे ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी बंधनकारक झाले, तेव्हा नंदुरबारच्या डोंगरी पाड्यांवरील बायका मोबाईलला नेटवर्क मिळावे म्हणून टेकडीवर चढून रांगा लावीत असल्याच्या बातम्या आल्या. महिन्याला १५०० रुपयांसाठी आपण आपणच आहोत हे पटवायला डोंगर चढायचा. येथे मोजणारा हरवलेल्याच्या शोधात निघत नाही. हरवलेल्यानेच यंत्राला गाठायचे, न गाठल्यास त्याचे नाव यादीतून गळते, आणि गळालेली संख्या बचत म्हणून कागदावर येते.

आता आरंभीच्या म्हणीकडे येऊ. ज्याच्या मनात पाप नाही त्याने भिऊ नये, हा विचार कॅथलिक घरात रुजावा याचे आम्हांस मोठे नवल वाटते. ख्रिस्तसभेने गुप्ततेचे सर्वांत कडक कुंपण निष्पाप माणसाभोवती घातलेले नसून, पाप केलेल्या माणसाभोवती घातले आहे. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले शब्द धर्मगुरूने कोणत्याही कारणाने उघड करू नयेत, केल्यास त्याला कठोर शासन व्हावे, असे लॅटरनच्या चौथ्या परिषदेने १२१५ साली ठरवले आणि आजच्या धर्मसभेच्या कायद्यातही ते कायम आहे. माणूस उघडा होतो तो केवळ विश्वासाच्या ठिकाणी, आणि तेथे त्याला झाकण्याची जबाबदारी ऐकणाऱ्याची असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली माणसाच्या मूलभूत हक्कांची जी यादी दिली, तीत अन्न, वस्त्र, निवारा यांच्या बरोबरीने खासगी जीवनाच्या संरक्षणाचाही उल्लेख आहे. खासगीपण ही पोट भरल्यानंतरची चैन नव्हे.

मराठीत मात्र हा शब्द वरून खाली आला आहे. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ अशी दोन खाती असत. खासगी म्हणजे राजघराण्यातील स्त्रियांचे स्वतःचे उत्पन्न. खासगी असायला आधी वाडा असावा लागे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा आमच्या दृष्टीने हा शब्द वाड्यातून झोपडीत आला. त्या निकालातील एक न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, आणीबाणीत नागरिकांचे हक्क स्थगित मानणाऱ्या ज्या निर्णयात त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड सहभागी होते, तो चुकीचा ठरवला. मराठी वाचकाने हे विसरू नये. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने आधार कायदा काही कलमे वगळून वैध ठरवला. तो एक विरोधी मतही चंद्रचूड यांचेच. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. पण त्याच कायद्याने २००५ च्या माहिती अधिकारातील ८(१)(ञ) हे कलम बदलले आणि व्यापक जनहित असेल तर व्यक्तिगत माहितीही द्यावी, ही त्यातील तरतूद काढून टाकली. अधिकाऱ्याची माहिती मागणाऱ्याला आता ‘ती खासगी आहे’ असे उत्तर देणे सोपे झाले आहे. शब्द पुन्हा वाड्याकडे निघाला आहे की काय, अशी शंका आम्हांस येते.

अल्पसंख्य समाजाला या प्रश्नाची आणखी एक धार आहे. धर्मांतराविषयी पुष्कळ राज्यांत कायदे झाले आणि त्यांतील काहींनी धर्म बदलण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्याला कळवण्याची अट घातली. हिमाचल प्रदेशच्या २००६ च्या कायद्यातील अशी अट तेथील उच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २०१२ रोजी रद्द केली. माणसाला आपली श्रद्धा बदलण्याचाच नव्हे, तर ती स्वतःपाशी ठेवण्याचाही हक्क आहे, असे त्या निकालाचे सार होते. सातपुड्यातील एखाद्या पाड्यावर कोण कोणत्या प्रार्थनेला जातो याची यादी करायची कोणाला इच्छा झाली, तर ‘लपवायचे काय आहे?’ हे वाक्य आपल्यालाच ऐकवले जाईल. तेव्हा ते आपणच आपल्या तोंडाने रूढ करून ठेवणे शहाणपणाचे नाही.

मात्र शासनाला बोल लावताना घरातल्या केराकडे डोळेझाक करता येणार नाही. २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती नको असे स्पष्ट आहे. तरीही आपल्याच संस्थांच्या प्रवेशअर्जांत तो रकाना दिसतो आणि पालक तो मुकाट्याने भरतात. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील पान मोबाईलवर टिपून पाठवले जाते. त्या पानावर आणखी पाचसहा कुटुंबांच्या नोंदी असतात. प्रार्थनेची विनंती म्हणून रुग्णाचे नाव, त्याचा आजार, रुग्णालयाचा वॉर्ड हे सारे व्हॉट्सॲपच्या गटावर येते. शेदोनशे लोक हात जोडल्याची खूण उमटवतात आणि सोयरीक जुळवणारा कोणी त्यातले नेमके लक्षात ठेवतो. हेतू येथेही चांगलाच असतो, टेंभलीच्या व्यासपीठावर असेल तितका. नोंदवहीला धर्मग्रामाच्या कार्यालयात कुलूप असते. तिच्या पानाच्या छायाचित्राला कुलूप कोठले घालणार, हे प्रत्येक धर्मग्राम परिषदेने एका बैठकीत ठरवायला हरकत नाही. रुग्णाचे नाव गटावर टाकण्यापूर्वी त्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारायचे, एवढे तर बैठकीवाचूनही ठरवता येईल.