दूरसंचार क्षेत्रातील स्पर्धा आणि ग्रामीण ग्राहक : वेरूळच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना : १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने मूलभूत दूरध्वनी सेवा खासगी कंपन्यांना खुली केली आणि १९९७ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण अस्तित्वात आले. २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर डेटाचे दर कोसळले, हे स्पर्धेचे निर्विवाद यश होय. परंतु त्याच स्पर्धेत अनेक कंपन्या बाहेर पडल्या. २०१८ मध्ये व्होडाफोन व आयडिया यांचे विलीनीकरण झाले. पुढे जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढविले. या पार्श्वभूमीवर स्पर्धेच्या मोजमापाची चिकित्सा आवश्यक ठरते.

विवेचन : कंपन्यांचा बाजारहिस्सा दूरसंचार मंडळनिहाय मोजला जातो. महाराष्ट्र मंडळात मुंबई वगळता राज्याचा बहुतांश भाग आणि गोवा येतो. म्हणजेच पुणे शहर आणि खुलताबाद तालुक्यातील वेरूळ यांची गणना एकाच बाजारपेठेत होते. ग्राहक मात्र मंडळात नव्हे, गावात राहतो. २०११ मध्ये देशभर लागू झालेल्या क्रमांक-सुवाह्यतेने त्याला कंपनी बदलण्याचा अधिकार दिला. परंतु घरात दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क पुरेसे मिळत नसेल, तर तो अधिकार कागदावरच राहतो.

वेरूळ येथे १९८३ पासून जागतिक वारसा असलेली लेणी आणि घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग आहे. महाशिवरात्रीस व श्रावणी सोमवारी येथे भाविकांची गर्दी होते. एका मनोऱ्याची क्षमता त्याच्या परिघातील सर्व वापरकर्त्यांत विभागली जात असल्याने गर्दीच्या दिवशी प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग घटतो. मोबाईलद्वारे पैसे स्वीकारणाऱ्या फुलविक्रेत्याचा व्यवहार नेमका कमाईच्या दिवशी अडण्याची शक्यता त्यातून निर्माण होते. शिवाय अनेक कंपन्या एकाच मनोऱ्यावर आपापली उपकरणे बसवितात. त्यामुळे खर्च वाचतो हे खरे. पण त्या मनोऱ्याची वीज गेली, तर ग्राहकापुढील सर्वच पर्याय एकदम बंद पडू शकतात.

२०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेने ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. तथापि ग्रामपंचायत कार्यालयापासून घरापर्यंतचे अंतर हाच ग्रामीण ब्रॉडबँडचा कळीचा प्रश्न आहे. विरळ वस्तीत तेथे दुसरी वाहिनी टाकणे कोणत्याही कंपनीस सहसा परवडत नाही.

निष्कर्ष : २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनी कंपन्यांवर सेवाव्याप्तीचे नकाशे प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले, हे स्वागतार्ह आहे. मात्र नेटवर्क कोठे पोहोचते याबरोबरच ते गर्दीत किती टिकते, याचीही गावनिहाय नोंद हवी. स्पर्धेची कसोटी मंडळातील कंपन्यांची संख्या ही नसून, एक सेवा नाकारल्यावर ग्राहकास उपलब्ध होणारी दुसरी सेवा हीच होय.