पडद्यावरचा राजवाडा

माणसाच्या पाच इंद्रियांत डोळा हे सर्वांत भोळं इंद्रिय आहे, असं माझं फार दिवसांचं मत आहे. जीभ बघा, कशी चिकित्सक! पहिल्या घासालाच 'मीठ कमी' असा निकाल देऊन मोकळी होते. नाक तर दिवाणखान्यात बसल्या बसल्या दूध उतू गेल्याची वर्दी देतं. डोळ्याचं तसं नाही. त्याला काही चकचकीत दिसलं, की पुढची चौकशी न करता तो बाकीच्या शरीराला सांगतो, 'चला, माल चांगला आहे.' स्थळाचा फोटो, हॉटेलच्या भिंतीवरचा मसाला डोसा आणि बिल्डरच्या माहितीपत्रकातली हिरवळ, ह्यांचा सगळा संसार डोळ्याच्या ह्या भोळेपणावर चालतो. अलीकडे त्यांच्या पंगतीला चौथा पाहुणा येऊन बसला आहे: मोबाइलवरचे देखणे खेळ.

साठी ओलांडलेल्या माणसाने असल्या खेळांवर टीका लिहावी, ह्याचं काहींना नवल वाटेल. पण आयुष्यात तोंडाला रंग न लावता नाट्यसमीक्षा करणाऱ्यांची आपल्याकडे थोर परंपरा आहे. मी निदान खेळतो तरी!

मूळ मुद्दा कळायला जरा जुन्या संगीत नाटकांकडे जाऊ. त्या काळी नाटक कंपनीचे पडदे हे एक प्रकरणच असे. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी असे पडदे रंगवून नाव काढलं; बाबूराव पुढे सिनेमात गेले. पडद्यावर राजवाडा, त्याचे खांब, आत आत जाणारी दालनं आणि पार टोकाला एक जिना. आमचे आजोबा नाटकाला जात ते निम्मे गाण्यासाठी आणि निम्मे पडद्यासाठी. पण पिटातून उठून 'तो जिना जरा चढून बघू का?' असं त्यांनी कधी विचारलं नाही. पडदा बघायचा आणि नट ऐकायचा, हा करार दोन्ही बाजूंना ठाऊक होता. मोबाइलच्या खेळाने तो मोडला. तो पडदा दाखवतो आणि वर 'या ना आत!' असं आमंत्रणही देतो. आता एकदा आत बोलावलंत, की जिना चढता आलाच पाहिजे आणि दालनाचं दार उघडलंच पाहिजे. चित्रकाराने काढलेलं प्रत्येक दार हे खेळ रचणाऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज असतं. चित्र जितकं हुबेहूब, तितकं व्याज जास्त!

ह्याचा एक मोठा दाखला २०१० सालचा. सप्टेंबरात ॲपलच्या समारंभात एपिक कंपनीने आयफोनवर एक किल्ला दाखवला आणि 'एपिक सिटाडेल' ह्या नावाने तो लोकांना फुकट वाटूनही टाकला. दगडी भिंती, उंच मनोरे, अंगणात ऊन. शत्रू नाही, गुण नाहीत, काम नाही. नुसतं हिंडायचं. तळहाताएवढ्या काचेत एवढा मोठा किल्ला लोकांनी तोवर पाहिला नव्हता. झालं! ह्या किल्ल्यात पुढे काय काय घडेल, ह्याचे मनोरे लोकांनी आपापल्या मनात बांधले. डिसेंबरात प्रत्यक्ष खेळ आला, 'इन्फिनिटी ब्लेड'. चित्रं तशीच डोळे दिपवणारी, पण हिंडणं बंद. खेळ दाखवील त्या ठिकाणी बोट टेकायचं, की तुमचा वीर आपला आपण तिथे चालत जाणार आणि समोरच्या राक्षसाशी दोन हात करणार. शेवटी गाठ एका अमर राजाशी. त्याच्याकडून मेलात, की तुमचा वंशज तीच तलवार घेऊन त्याच दारात हजर. आपल्याकडे जमिनीचे दावे कसे आजोबांकडून नातवाकडे येतात, तसं हे वैर पिढ्यान्‌पिढ्या चालायचं.

इथे टीकाकाराने न्यायाने बोललं पाहिजे. खेळ वाईट नव्हता. उलट तो करणाऱ्या चेअर ह्या मंडळींना एक गोष्ट नेमकी कळली होती. फोनला बटणं नाहीत, आहे ती एक गुळगुळीत काच, आणि त्या काचेवर बोट सर्वांत छान करू शकतं ते म्हणजे फराटा ओढणं. म्हणून त्यांनी बोटाचीच तलवार केली. जो तलवार चालवायला आला तो खूश झाला. जो किल्ला बघायला आला होता तो दारातच खट्टू झाला. २०१८च्या डिसेंबरात तर तो खेळ दुकानातूनच काढून घेतला गेला. नव्या गिऱ्हाइकाला आता ना तलवार, ना किल्ला.

मला भेटलेल्या एका खेळाची तर तऱ्हाच न्यारी. नाव सांगत नाही. त्याला भावंडं इतकी आहेत की कुठलंही नाव चालून जाईल. तो फोनवर उतरवून घेण्यात संध्याकाळ गेली. मग घोडा, धुकं, दूर टेकडीवर देऊळ. अहाहा! मी घोड्याला टाच मारली. देवळाखालच्या ओढ्यापाशी घोडा थांबला तो थांबलाच. पुढे वाट दिसत होती, गवत हलत होतं, पण मध्ये एक न दिसणारी भिंत. आणि पाटी आली: 'आधी दहा लाकडं गोळा करा.' लाकडं तर आमच्या घरी बंब होता तेव्हाही मी गोळा केली नव्हती! तेवढ्यात फोन तव्यासारखा तापला आणि घोडा अडखळायला लागला. ह्याचं कारण साधं आहे. मोठ्या संगणकाला थंड करायला पंखा असतो. खिशातल्या बहुतेक फोनना तो नसतो. तापलेला फोन जिवाच्या भीतीने आपला वेग आपणच कमी करतो. म्हणजे चित्र जितकं भारी, तितकं ते टिकवणं अवघड. जाहिरातीतला घोडा दौडतो आणि आपला विसाव्या मिनिटाला दमतो, तो असा.

जाहिरातीचा विषय निघालाच आहे तर ब्रिटनचा एक किस्सा सांगतो. 'होमस्केप्स' आणि 'गार्डनस्केप्स' ह्या खेळांच्या जाहिरातींत खिळे ओढून कुणाची तरी सुटका करण्याची कोडी दाखवत. प्रत्यक्षात खेळ एका रंगाच्या तीन वस्तू ओळीत आणण्याचा. सप्टेंबर २०२० मध्ये तिथल्या जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेने त्यातल्या दोन जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवून बंद केल्या. कंपनीचं म्हणणं, अशी कोडी खेळात आहेत की! संस्थेचं म्हणणं, आहेत, पण खेळ मुख्यतः त्यांचा नाही. आमंत्रणपत्रिकेवर जिलबी छापायची, पानात पिठलं वाढायचं आणि कुणी विचारलं तर 'कोपऱ्यात जिलबीचा तुकडा आहे बघा' म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार.

तर मग ज्यात खरोखर शिरता येतं असा पडदा नाहीच का? आहे. सप्टेंबर २०२० मध्ये चीनच्या मीहोयो कंपनीचा 'जेन्शिन इम्पॅक्ट' आला. त्यात दिसतो तो डोंगर चढता येतो, कड्यावरून पंख पसरून तरंगत खाली येता येतं, चुलीवर स्वयंपाकसुद्धा करता येतो. जिना खरा आहे, दार उघडतं. पण दाराशी कारकून बसला आहे! महत्त्वाची बक्षिसं उचलायला 'रेझिन' नावाचं रेशन लागतं. दर आठ मिनिटांना एक दाणा. २०२४ साली साठवणीची मर्यादा १६० वरून २०० वर नेली. म्हणजे रिकामी कोठी भरायला २६ तास ४० मिनिटं. हिंडायला बंदी नाही, हे खरं. पण कोठी भरली की पुढचे दाणे वाया जातात, म्हणून माणूस घड्याळ लावून हजेरी द्यायला लागतो. शिवाय नवे पंचतारांकित वीर मिळतात ते सोडतीत. प्रत्येक खेपेला मूळ शक्यता हजारात सहा. नव्वदाव्या खेपेला नक्की मिळतो, पण तो तुम्हाला हवा तोच असेल असं नाही. हे सगळं नियमांत लिहिलेलं आहे, फसवणूक म्हणता येणार नाही. पण डोंगर बघायला आलेल्या माणसाचा हिशेबनीस होतो, ही माझी तक्रार आहे.

दोष नेहमी खेळाचाच असतो असंही नाही. लंडनच्या अस-टू मंडळींनी २०१४ साली 'मॉन्युमेंट व्हॅली' काढला. आयडा नावाची चिमुकली राजकन्या आणि एशर ह्या डच चित्रकाराच्या चित्रांत असतात तसे अशक्य जिने. मनोरा फिरवला की दोन तुटक्या वाटा डोळ्याला जुळलेल्या दिसतात, आणि डोळ्याला जुळल्या की आयडा खुशाल त्यावरून चालते. इथे चित्र हाच नियम. चित्र पुसा, खेळ उरत नाही. भोळ्या डोळ्यावर विश्वास टाकणारा हा एकच खेळ मी पाहिला! त्याची प्रकरणं दहा, एका संध्याकाळी संपणारी. तर लोकांची कुरकूर, 'एवढाच?' त्याच वर्षी नोव्हेंबरात नवी प्रकरणं आली आणि त्यांचे वेगळे पैसे मागितले, तेव्हा काहींनी रागाने एकच तारा देऊन सूड उगवला. जुन्या तबकडीवर तीन मिनिटांचं गाणं असे. ते संपलं म्हणून कुणी तबकडीवाल्याकडे उरलेल्या सात मिनिटांची मागणी केल्याचं मला आठवत नाही. सौंदर्य किलोवर घ्यायची सवय लागली, की मग खेळ करणारेही दहा लाकडांचं पाणी घालून माप वाढवतात. बोलणार कुणाला?

म्हणून माझी कसोटी साधी आहे. मनातल्या मनात चित्रावर हात ठेवायचा आणि विचारायचं, आता हातात काय उरलं? १९९७ साली नोकियाच्या फोनवर साप आला तेव्हा चार काळे चौकोन सोडले तर काहीच नव्हतं. त्याने कधी राजवाड्याचं आमंत्रण दिलं नाही, आणि कुणाचा अपेक्षाभंगही केला नाही.

पण म्हणून सगळ्यांनी साप खेळत बसावं, असं मी म्हणणार नाही. आमची भाची परवा तो डोंगरांचा खेळ घेऊन बसली होती. अर्धा तास झाला तरी बोट हलेना. डोकावून बघतो तर तिचा वीर कड्यावर नुसता उभा आणि समोर सूर्य मावळतोय.

मी म्हटलं, "अगं, रेझिन भरून वाहतंय तुझं. काहीतरी कर!"

"वाहू दे रे, मामा," ती म्हणाली. "पलीकडच्या बेटावर दिवे लागतात का बघतेय."

मी गुपचूप चष्मा पुसून तिच्याशेजारी बसलो. दिवे लागेपर्यंत आम्ही दोघांनीही काही गोळा केलं नाही.