वाळूचे कोट आणि निशाणे

इंग्रज लेखक ख्रिस्टोफर इशरवुड यांचे 'गुडबाय टु बर्लिन' (१९३९) हे पुस्तक बर्लिनचे म्हणूनच ओळखले जाते. परंतु त्यातील एक प्रकरण बाल्टिक समुद्रातील रुगेन बेटावर, १९३१ च्या उन्हाळी सुटीत घडते. आदल्याच वर्षी जर्मन संसदेत हिटलरच्या पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या होत्या. बेटावर मात्र पोहणे, ऊन खाणे आणि मित्रांचे रुसवेफुगवे एवढेच चालले आहे. किनाऱ्यावर जो तो आपल्या खुर्चीभोवती वाळूचा कोट रचून वर निशाण लावतो. त्यांतील कितीतरी निशाणे नाझींच्या स्वस्तिकाची आहेत. निवेदक ती टिपतो आणि पुन्हा मित्रांच्या भांडणाकडे वळतो.

ही अलिप्तता काहींना खटकेल. आमच्या मते तेच या प्रकरणाचे बळ आहे. १९३३ नंतरचे शहाणपण १९३१ च्या पानावर लादण्याचा मोह लेखकाने टाळला आहे. निशाणे दिसत नव्हती असे नाही. ती देखाव्याचा भाग होऊन गेली होती. उणीव दाखवायचीच तर ती डोक्याच्या ठेवणीवरून गुन्हेगार ओळखणाऱ्या डॉक्टरच्या चित्रणात आहे. तो इतका हास्यास्पद रंगवला आहे की त्याच्या मतांतील विष सौम्य भासते.

या सुटीचा खरा अर्थ पुढे लांडाउअर या धनिक ज्यू घराण्यावरील प्रकरणात उलगडतो. त्या घराण्यातील बर्नहार्ड एका संध्याकाळी निवेदकाला आपल्याबरोबर चीनला चलण्यास सुचवतो, आणि तेही त्याच रात्री. निवेदकाला ती थट्टा वाटते. १९३३ मध्ये बर्लिन सोडल्यावर प्रागच्या एका उपाहारगृहात, शेजारच्या टेबलावरील बोलण्यातून त्याला बर्नहार्डच्या मृत्यूची वार्ता कळते. तो प्रस्ताव मनापासूनचा होता, हे त्याला फार उशिरा उमगते.

एकाची सहल ती दुसऱ्याची सुटकेची वाट. पाहुण्याजवळ परतीचा मार्ग असतो. ज्याचे घरदार, पेढी आणि पूर्वज तेथेच आहेत त्याला एवढ्या सहजतेने उठून जाता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या दूरच्या मुलखाला आपले गाव मानून राहिलेल्या आपणांस हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच हे पुस्तक आपण अवश्य वाचावे, आणि वाचताना इशरवुडपेक्षा बर्नहार्डच्या बाजूने वाचावे, असे आम्हांस वाटते.