गडगा, कुंपण आणि भिंत : 'मेंडिंग वॉल' या कवितेचे एक वाचन

प्रस्तुत लेखात रॉबर्ट फ्रॉस्ट (१८७४-१९६३) यांच्या 'मेंडिंग वॉल' या कवितेचा एका मर्यादित अंगाने विचार करावयाचा आहे. फ्रॉस्ट इंग्लंडमध्ये वास्तव्यास असताना त्यांचा 'नॉर्थ ऑफ बोस्टन' हा संग्रह १९१४ साली लंडनहून प्रकाशित झाला; ही कविता त्याच्या आरंभी येते. तिची पार्श्वभूमी मात्र अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरची, जेथे फ्रॉस्ट यांनी काही वर्षे शेतीवर काढली होती. आपल्याकडे इंग्रजीच्या वर्गात या कवितेचा एक ठराविक अर्थ सांगितला जातो : निवेदक हा मोकळ्या मनाचा, भिंतींना विरोध करणारा, शेजारी हा बापजाद्यांची म्हण घोकणारा, परंपरेच्या अंधारात वावरणारा. कवितेतील तपशील या अर्थाला पुरेशी साथ देत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिला तपशील असा की, डागडुजीचा निरोप शेजाऱ्याला निवेदकच धाडतो. हिवाळ्यात जमीन गोठून फुगते, वरचे धोंडे खाली गडगडतात आणि वसंतात दोघे आपापल्या बाजूने चालत, आपल्याकडे पडलेले दगड पुन्हा रचतात. शिकाऱ्यांनी पाडलेली भगदाडेही निवेदकाने यापूर्वी स्वतःच बुजविली आहेत. ज्याला भिंत नको आहे, तोच तिची काळजी वाहतो. ही विसंगती अनवधानाने राहिलेली नाही. कवितेचा गाभाच तेथे आहे.

दुसरा तपशील शब्दांचा आहे. निवेदक सर्वत्र 'वॉल' म्हणतो. 'फेन्स' हा शब्द केवळ शेजाऱ्याच्या म्हणीत येतो. मराठीत भाषांतर करताना दोन्हीकडे 'भिंत' योजली की हा भेद पुसला जातो. भिंत माणसाला अडवते, कुंपण प्रामुख्याने गुराला. निवेदक म्हणीची चेष्टा करतो ती हेच धरून : येथे गुरे नाहीत, त्याच्याकडे सफरचंदाची बाग आणि पलीकडे पाइनची झाडे, मग कुंपण कशासाठी? मौज अशी की, भिंत घालून आपण कुणाला दुखावणार आहोत हे आधी विचारावे, असे तो मनाशी म्हणतो तेव्हा त्याच्या 'ऑफेन्स' या शब्दात शेजाऱ्याचा 'फेन्स' दडलेलाच असतो. हा श्लेष मराठीत आणणे अशक्य आहे. तो आणण्याचा अट्टहासही भाषांतरकाराने करू नये.

मराठीजवळ मात्र या कवितेसाठी एक शब्द आहे, जो इंग्रजीजवळ नाही. कोकणात जांभ्याचे अथवा शेतातून वेचलेले दगड चुना-सिमेंटाशिवाय एकमेकांवर बसवून जो आडोसा रचतात, त्याला गडगा म्हणतात. न्यू इंग्लंडमधील दगडी कुंपणेही अशीच, जमीन मोकळी करताना निघालेल्या धोंड्यांची आहेत. तिकडे गोठण, इकडे पाऊस आणि झाडांची मुळे. गडगा ढासळतो हे गृहीतच असते, म्हणून तो दरवर्षी सावरावा लागतो. 'भिंत' म्हटले की वाचकाच्या मनात बर्लिन उभे राहते. १९६२ साली फ्रॉस्ट यांनी मॉस्को येथे ही कविता वाचली, तेव्हा ती भिंत उभी राहून एकच वर्ष झाले होते. तेव्हापासून या राजकीय अर्थाने कवितेची पाठ सोडलेली नाही. परंतु बर्लिनची भिंत दोन शेजाऱ्यांनी मिळून दुरुस्त केलेली नव्हती.

येथे आपल्या वाचकाच्या अनुभवाचा प्रश्न येतो. आपल्या वर्गातील कितीतरी विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतून आलेले असतात. बांध कोरणे म्हणजे काय, हे त्यांना शिकवावे लागत नाही. नांगराच्या एकेका तासाने सरकणारी हद्द, मोजणीचा अर्ज, भूकरमापकाने ठोकलेली आणि रात्रीतून नाहीशी झालेली खूण, त्यावरून सख्ख्या भावांत तुटलेले बोलणे हे सर्व त्यांच्या घरातले आहे. हाच विद्यार्थी परीक्षेत 'शेजारी अडाणी आहे' असे लिहितो आणि गुण मिळवितो. वस्तुतः बापाने दिलेली म्हण सोडावयास तयार नसलेला तो वृद्ध त्याच्या आजोबांच्या जवळचा आहे. सफरचंदे पलीकडे जाऊन पाइनची फळे खाणार नाहीत, ही निवेदकाची थट्टा त्या आजोबांना पटली नसती. झाड चालत नाही, पण त्याची सावली आणि मुळे शेजाऱ्याच्या पिकात जातात, असे ते म्हणाले असते.

कवितेत नसलेली गोष्टही येथे ध्यानात घ्यावी. हद्द कोठे आहे, याबद्दल दोघांत वाद नाही. न्यू इंग्लंडच्या गावांत सामाईक कुंपणाची जबाबदारी लगतच्या दोन्ही मालकांवर टाकण्याची आणि तंटा झाल्यास 'फेन्स व्ह्यूअर' या ग्रामाधिकाऱ्यांनी तो सोडविण्याची जुनी वहिवाट आहे. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हीदेखील हद्दीच्या खुणा सुस्थितीत ठेवण्याचा भार खातेदारावर टाकते. त्याच संहितेच्या कलम १४३ अन्वये शेतात जाण्यासाठी लगतच्या बांधावरून वाट देण्याचा निर्णय तहसीलदार करू शकतो. म्हणजे बांध ही हद्दही आहे आणि वाटही. फ्रॉस्ट यांचे दोन शेतकरी नेमके तेच करतात : हद्दीच्या दोन बाजूंनी बरोबर चालतात. वर्षातून या एकाच कामासाठी त्यांची भेट होताना कविता दाखविते.

शेजाऱ्याची म्हण कुंपणावर विश्वास टाकते. आपली म्हण 'कुंपणच शेत खाते' अशी आहे. तिचा संशय शेजाऱ्यावर नसून राखणदारावरच आहे. या कवितेचे मराठी भाषांतर करणाऱ्याने ही दुसरी म्हण कानाआड ठेवणे कठीण आहे. शीर्षकात 'गडगा' आणि शेजाऱ्याच्या तोंडी 'कुंपण' अशी योजना केल्यास निवेदकाचा संशय व शेजाऱ्याचा विश्वास दोन वेगळ्या शब्दांत उभे राहतील. मग दोन्ही हातांत दगड घेतलेला तो माणूस निवेदकाला अश्मयुगीन रानटी दिसतो, ही प्रतिमाही निवेदकाच्या नजरेची म्हणून वाचता येईल. दगड तर त्या क्षणी निवेदकाच्याही हातात असणार.