बायबलचं मौन आणि कादंबरीकार

उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात अब्राहाम पोटच्या मुलाचा बळी द्यायला निघतो. पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो, दोन चाकर आणि इसहाकाला बरोबर घेतो. तिसऱ्या दिवशी ती जागा नजरेस पडते. तोवर बापलेक काय बोलले, यावर एक अक्षर नाही. मुलाच्या आईचा, साराचा, या प्रसंगात उल्लेखही नाही. आणि पुढचा अध्याय सुरू होतो तोच तिच्या मृत्यूने. तिला काही कळलं होतं का? एरिक आउअरबाखने ‘मिमेसिस’ (१९४६) या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात या कथेची होमरशी तुलना केली आहे. होमर सगळं लख्ख उजेडात मांडतो, बायबलचा निवेदक मात्र बहुतेक सगळं अंधारात ठेवतो. बायबलवरच्या चांगल्या कादंबऱ्या या अंधारातच जन्मतात.

त्या धार्मिक की काल्पनिक, असं विचारताना हे दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध आहेत, असं आपण गृहीत धरतो. पण ज्यू परंपरेतल्या रब्बींनी मिद्राश या भाष्यकथांमध्ये याच मोकळ्या जागा कल्पनेने भरल्या. मुलाच्या बळीची वार्ता कानी आली आणि साराने प्राण सोडला, असं त्यांनी सांगितलं. ती कल्पना होती आणि तो धर्मही होता. येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला ही रचलेली गोष्टच. तो पुत्र कोणत्या गावचा, असं कुणी भाविक विचारत नाही. तेव्हा मूळ किती आणि कल्पित किती, हे मोजून काहीच ठरत नाही. माझ्या लेखी प्रश्न एकच आहे: अर्थ आधीच पक्का करून लेखक लिहायला बसला आहे, की लिहिता लिहिता तो शोधतो आहे?

ल्यू वॉलेसची ‘बेन-हर’ (१८८०) घ्या. नायक यहूदा बेन-हर कल्पित, त्याची रथांची शर्यत कल्पित. तरीही पुस्तक भक्तिपर आहे, कारण ख्रिस्त कोण हा प्रश्न तिथे अखेरीस उघडा राहत नाही. अमेरिकेत ख्रिस्ती कादंबऱ्यांचं आज स्वतंत्र दालनच आहे आणि त्यातली पुष्कळ पुस्तकं याच वाटेने जातात. शंका तिथे येते ती हरण्यासाठी. कादंबरी म्हणून ही पुस्तकं मला कमी पडतात, पण धर्मानुभव म्हणूनही ती तोकडी वाटतात. देवाला जाब विचारणारा बायबलमधला ईयोब त्यांच्यापेक्षा कितीतरी धीट आहे.

याच्या उलट टोकाला पेर लागरक्विस्टची ‘बरब्बा’ (१९५०). येशूच्या ऐवजी सुटलेल्या या माणसाचं पुढे काय झालं, याबद्दल शुभवर्तमानं गप्प आहेत. लागरक्विस्ट त्याला तांब्याच्या खाणीत नेतो, साहाक नावाच्या श्रद्धावान गुलामाशी एकाच साखळीत जखडतो. दोघांच्याही गळ्यातल्या बिल्ल्यांवर ख्रिस्ताचं नाव कोरलेलं असतं. रोमन अधिकाऱ्यापुढे साहाक त्या नावाला चिकटून राहतो आणि क्रूसावर जातो. बरब्बा ते नाव नाकारतो आणि जगतो. त्याला विश्वास ठेवायचा असतो, पण जमत नाही. शेवटी तोही क्रूसावर मरतो. मरताना तो अंधाराशी बोलतो की देवाशी, याचा निर्णय लेखक देत नाही. स्वतःला श्रद्धा नसलेला श्रद्धाळू म्हणवणाऱ्या माणसाने हे लिहिलं. ख्रिस्ती धर्माचा इतका खोल पीळ अनेक भाविक लेखकांना साधलेला नाही. १९५१ चं नोबेल लागरक्विस्टला मिळालं.

निकोस काझान्त्झाकिसच्या ‘द लास्ट टेम्प्टेशन’ या कादंबरीवर मात्र फार अन्याय झाला. कॅथलिक चर्चने ती १९५४ मध्ये निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकली. १९८८ मध्ये तिच्यावर मार्टिन स्कॉर्सेसीचा चित्रपट आला, तेव्हा तो शुभवर्तमानांवर आधारित नाही असं पडद्यावर आरंभीच सांगितलेलं असूनही पॅरिसमधलं एक चित्रपटगृह पेटवलं गेलं. काझान्त्झाकिसच्या ख्रिस्ताला शेवटचा मोह पडतो तो संसाराचा: बायको, मुलंबाळं, म्हातारपण. तो मोह ओलांडून ख्रिस्त क्रूसावर परततो. ही कादंबरी मला आरपार भक्तीची वाटते.

जुझे सारामागो उघड नास्तिक. त्याच्या ‘येशू ख्रिस्तानुसार शुभवर्तमान’ (१९९१) या कादंबरीत येशूच्या बापाला, योसेफाला, बाळं मारण्याचा हेरोद राजाचा बेत आधी कळतो. तो स्वतःचं बाळ वाचवतो, पण बेथलेहेमातल्या इतर आईबापांना सावध करत नाही. त्याचा हा अपराध स्वप्न होऊन मुलाच्या वाट्याला येतो. हा भाग थोर आहे. पण धुक्यातल्या होडीत देव पुढच्या हुतात्म्यांची लांबलचक यादी वाचू लागतो, तिथे सारामागोलाही अर्थ आधीच ठाऊक आहे, आणि तो प्रचारकाच्या जवळ जातो. १९९२ मध्ये पोर्तुगाल सरकारच्या एका उपमंत्र्याने ही कादंबरी युरोपीय पुरस्काराच्या यादीतून वगळली. ती चूक होती, पण म्हणून कादंबरीतला हा दोष झाकला जात नाही. अनिता डायमंटच्या ‘द रेड टेंट’ (१९९७) मध्येही असंच होतं. उत्पत्तीत एक शब्दही न बोलणारी दीना तिथे बोलू लागते, हे मोलाचं. भोवतालचे पुरुष मात्र सपाट राहतात.

मराठीत ही वाट जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलकथा मराठी पुराणाचं रूप घेऊन उभी राहिली. पुढे नारायण वामन टिळकांनी आरंभलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. दोन्ही भक्तिकाव्यं. महाभारतातल्या उपाख्यानावरची ‘ययाति’ आणि कर्णावरची ‘मृत्युंजय’ मराठी वाचकाने मात्र कादंबरी म्हणूनच वाचली, आणि त्याने त्याच्या श्रद्धेला धक्का बसला नाही. बायबलला असं मोकळेपणाने भिडणारी, त्या तोलाची मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ २०१० पासून हाताशी आहे. वसईत, अहिल्यानगरला बायबल घरच्या भाषेत ऐकत वाढलेल्या लेखकांनी आता हे काम अंगावर घ्यावं. कुणाची परवानगी मागू नये, कुणाला डिवचायलाही लिहू नये. आणि प्रकाशकांनी मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ एवढंच छापावं.