मातीच्या भिंतीला सिमेंटचा अंगरखा

आज गिलावा आणि छप्पर एवढंच बोलू. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी गवंड्याच्या कामात कशाला पडावं, असं वाटेल कुणाला. पण आपण खराडीत आहोत. काचेच्या आयटी इमारतींत मातीसारखा दिसणारा टेक्श्चर पेंट हौसेनं मारला जातो, आणि गावठाणात मातीची एखादी भिंत उरलीच, तर तिच्यावर सिमेंट चढतं. आडोल्फ लोस या वास्तुकारानं १८९८ मध्ये नियम मांडला होता: आवरण आणि त्याखालचा पदार्थ यांची गल्लत होऊ देऊ नये. टेक्श्चर पेंट त्यात नापास होतो, हे उघड आहे. पण मातीच्या घराला हा नियम पुरत नाही. तिथे प्रश्न दिसण्याचा नाही, ओलीचा आहे.

मातीची भिंत ओलावा घेते आणि सोडते, त्याबरोबर जराशी फुगते, आकसते. सिमेंटचा गिलावा कडक, तो तिच्याबरोबर हलत नाही. बारीक चीर पडते, पाणी आत शिरतं, आणि सुकायला वाट राहत नाही. वरून ठणठणीत, आत चिखल. मग एखाद्या पावसाळ्यात गिलाव्याचा पोपडा भिंतीची माती घेऊनच खाली येतो. म्हणून आवरण भिंतीपेक्षा मऊ हवं. झिजायचं तर त्यानं झिजावं. माती, भुसा आणि शेणाचं लिंपण या कसोटीला उतरतं, चुनाही उतरतो. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, तरी वाफेला वाट ठेवतो. वर प्लॅस्टिक पेंट मारला, की मात्र सगळं मुसळ केरात.

पण कुठलाही गिलावा जोत्याचं किंवा छपराचं काम करत नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, तेव्हा पुण्यात नदीकाठचे मातीच्या भिंतींचे वाडे बसले. तिथे चुना काय करणार? खराडीही मुळा-मुठेच्या काठीच आहे. आधी जागा, मग दगडी जोतं, मग छप्पर, आणि शेवटी गिलावा.

छपराचा विषय निघाला की किल्लारी टाळता येत नाही. मराठवाड्यातलं माळवद उन्हाळ्यात गार, पण गळू नये म्हणून वर पुन्हा पुन्हा माती टाकायची आणि वजन वाढत जायचं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे सुमारे ८,००० माणसं गेली. दोष मातीवर आला. आम्हाला तो निवाडा अर्धवट वाटतो: भिंती गोट्यांच्या होत्या, दोन्ही अंगांना सांधणारे लांब दगड त्यांत नव्हते, आणि डोक्यावर भार प्रचंड. पण ज्यांनी घरची माणसं ढिगाऱ्यातून काढली, त्यांना ‘माती श्वास घेते’ हे सुभाषित ऐकवणाऱ्यांचा आम्हाला राग येतो. छप्पर हलकं आणि उतरतं हवं, चांगलं बांधलेलं, वळचण दीड-दोन फूट बाहेर. कौलं बरी. पत्रा हलका, पण तापतो. त्याखाली बांबूचा तट्ट्या तरी हवाच.

आणखी एक. मातीच्या घरांवरच्या चकचकीत पुस्तकांत भिंतींचे फोटो असतात, दरवर्षी ती लिंपणारे हात नसतात. ते बहुतेक बायकांचे. गावातली एखादी बाई सिमेंट मागते तेव्हा तिला दृष्टी नाही असं म्हणू नका. दिवाळीआधीचे चार दिवस तिला मोकळे हवे असतात. चुन्याचा हात लिंपणापेक्षा जास्त टिकतो. आमचं मत चुन्याला आहे ते मुख्यतः यासाठी.