टोपीचे रिव्हॉल्वर : उगमाचा पुरावा आणि संग्राहकाची दृष्टी

जुन्या शस्त्रांच्या संग्रहांविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात वस्तूपेक्षा तिच्या आख्यायिकेलाच अधिक स्थान मिळते. टोपीच्या रिव्हॉल्वरांच्या बाबतीत हा दोष विशेष जाणवतो. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत आपल्या रिव्हॉल्वरचे पेटंट घेतले. पुढे धातूची काडतुसे रूढ होईपर्यंत या शस्त्राचे युग टिकले. त्या युगाच्या मध्यावरच १८५७ साल येते. त्यामुळे हाती आलेले प्रत्येक रिव्हॉल्वर त्या उठावाशी जोडण्याचा मोह संग्राहकास आवरत नाही.

समजा, वलवण येथील एखाद्या जुन्या बंगल्यात असे एक शस्त्र सापडले. कल्पना अशक्य नव्हे. बोरघाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता आणि १८६३ मध्ये लोहमार्ग सुरू झाला. मुंबईहून पुण्याकडे जाणारी ही वाट घाट चढून लोणावळे-वलवणच्या पठारावर येते. आता या रिव्हॉल्वरच्या नळीवर न्यूयॉर्कचा पत्ता आहे आणि शेजारी लंडनची परीक्षणमुद्रा आहे. एक संग्राहक ते न्यूयॉर्कचे म्हणेल, दुसरा लंडनचे. दोघेही चुकण्याचा संभव आहे. कोल्टच्या हार्टफर्ड येथील कारखान्यात घडलेल्या अनेक रिव्हॉल्वरांवर न्यूयॉर्कचाच पत्ता असे. आणि परीक्षणमुद्रा शस्त्राची चाचणी कोठे झाली एवढेच सांगते, ते कोठे घडले हे सांगत नाही.

भाषेच्या अभ्यासकास हा भेद परिचित आहे. 'बटाटा' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, तथापि त्याचे मूळ कॅरिबियन बेटांतील भाषेत आहे. देणारा आणि जनक हे एकच असतात असे नाही.

कालनिर्णयासही हाच विवेक हवा. ब्यूमाँटच्या १८५६ च्या पेटंटाप्रमाणे असलेली घडण त्या वर्षापूर्वीची बहुधा नसावी, एवढेच सिद्ध होते. शस्त्र १८५७ च्या रणांगणावर होते, हे सिद्ध होत नाही. शिवाय ॲडम्सच्या १८५१ च्या नमुन्याची काही रिव्हॉल्वरे मागाहून नव्या घडणीची करून घेण्यात आली. कोल्टच्या निरनिराळ्या भागांवरील क्रमांक परस्परांशी जुळत नसतील, तर ती वस्तू अनेक हस्तलिखितांतून जुळविलेल्या संकरित प्रतीप्रमाणे समजली पाहिजे.

मग घरातील वृद्धांनी सांगितलेली हकीकत टाकून द्यावी काय? मुळीच नव्हे. कोणी, केव्हा व कोणाकडून ऐकून सांगितले, याची नोंद वस्तूबरोबर राहिली पाहिजे. मात्र ती साक्ष म्हणून, निर्णय म्हणून नव्हे. खेदाची गोष्ट अशी की, संग्राहक पुष्कळदा हकीकत तेवढी ठेवतो आणि शस्त्र चकचकीत करण्याच्या नादात मुद्रा व क्रमांक घासून टाकतो. १९७२ च्या कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते. परंतु कायदा वस्तूचे रक्षण करील, तिच्यावरील अक्षरांचे नव्हे. ते काम वाचणाऱ्याचे आहे.